शेअर घेतला म्हणजे दुकानात भाग घेतला



गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या तीन-चार घरांत एकच वाद ऐकला. कर्जात रुतलेल्या दारू कंपनीचा शेअर स्वस्तात मिळत असेल तर घ्यावा का? मुलांच्या मोबाईलमध्ये डिमॅट खाते आल्यापासून असे विषय जेवणाच्या पंगतीतच निघतात. मुलगा ‘हो’ म्हणतो, वडील ‘नाही’ म्हणतात, आणि आपण वाढता वाढता दोघांचेही ऐकून घेतो. पण गुंतवायचा पैसा बहुतेक वेळा घरच्या बचतीचा असतो. ती बचत कोणाच्या काटकसरीतून उभी राहते, हे मी सांगायला नको. म्हणून आपलेही मत असायला हवे. माझे मत आधीच सांगते: घेऊ नये. बी.कॉम. करून चाळीस वर्षे उलटून गेली असली तरी ताळेबंद अजून वाचता येतो, त्या आधाराने कारणे मांडते.

आधी ‘हो’ म्हणणाऱ्यांची बाजू, कारण ती पोकळ नाही. त्यांचे आवडते उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरला १९३३ साली महादेव डहाणूकरांनी महाराष्ट्र शुगर मिल्स काढली. आपल्या मुरुमलाही साखर कारखाना आहे, त्यामुळे ऊस, मळी आणि मळीपासून मद्यार्क ही साखळी आपल्याला नवी नाही. तीच कंपनी पुढे टिळकनगर इंडस्ट्रीज झाली आणि मॅन्शन हाउस ब्रँडीसाठी ओळखली जाऊ लागली. मग कर्ज वाढले, हप्ते थकले, आणि बँकांनी आपली येणी मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकली. २०२० च्या मार्चमध्ये शेअर वीस रुपयांच्या आत होता. पुढे कर्जाची तडजोड झाली, नवे भांडवल उभे राहिले, दक्षिणेत विक्री वाढली. २०२५ मध्ये शेअर चारशेच्या वर गेला, आणि त्याच वर्षी या कंपनीने पर्नो रिकार या फ्रेंच कंपनीकडून इंपीरियल ब्लू हा व्हिस्कीचा धंदा सुमारे चार हजार कोटींना घेण्याचा करार केला. म्हणजे तळाला घेणाऱ्याचे पैसे वीसपटीहून जास्त झाले. हे आकडे खरे आहेत, ते नाकारून वाद जिंकता येणार नाही.

पण जो शेअर वर आला त्याचीच गोष्ट घराघरांत सांगितली जाते. बुडालेल्यांची कोणी सांगत नाही.

विजय मल्ल्यांचे उदाहरण घ्या. त्यांची किंगफिशर एअरलाइन्स २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये जमिनीवर आली ती पुन्हा उडाली नाही. तिच्या कर्जाला त्यांच्याच यूबी होल्डिंग्ज या कंपनीने हमी दिली होती. बिअर आणि व्हिस्कीच्या कंपन्यांतले मोठे भाग या यूबी होल्डिंग्जकडे होते. २०१७ च्या फेब्रुवारीत कर्नाटक उच्च न्यायालयाने ती गुंडाळण्याचा आदेश दिला. ‘दारूचा धंदा कधी बसत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हे नीट पाहावे. बिअर खपतच राहिली, आजही खपते. फक्त मालक बदलले. व्हिस्कीची कंपनी डियाजिओकडे गेली, बिअरची हायनेकेनकडे. यूबी होल्डिंग्जच्या छोट्या भागधारकांना त्या खपाचा काही उपयोग झाला नाही.

इंग्लंडमध्ये तर हजारो पब एकाच कंपनीच्या मालकीचे असतात. पब म्हणजे गावोगावच्या मद्यपानाच्या बैठका. कंपनी पब चालवायला देते, भाडे घेते, आणि बिअरही आपल्याकडूनच घ्यायला लावते. पंच टॅव्हर्न्स आणि एंटरप्राइज इन्स या अशा दोन बड्या कंपन्या. दोघींनी त्या भाड्याच्या भरवशावर डोंगराएवढे कर्ज काढले. २००७ मध्ये धूम्रपानबंदी आली, पाठोपाठ मंदी आली, आणि दोन्ही शेअर कोसळले. तिथल्या छोट्या गुंतवणूकदारांतही हाच वाद वर्षानुवर्षे चालला: इमारतींची किंमत मोजायची की कर्ज? शेवटी पंचच्या कर्जाची २०१४ मध्ये फेररचना झाली, तेव्हा जुन्या भागधारकांच्या हाती कंपनीचा सुमारे १५ टक्के भाग उरला. बाकीचा कर्ज देणाऱ्यांकडे गेला. एंटरप्राइजने मात्र पब विकून हळूहळू कर्ज फेडले आणि २०२० च्या मार्चच्या सुरुवातीला दुसऱ्या कंपनीने ती चांगल्या भावाने विकत घेतली. त्याच महिन्यात करोनामुळे तिथले सगळे पब बंद झाले! व्यवहार महिनाभर लांबला असता तर काय झाले असते, याचा विचार करा. धंदा एकच, रोगही एकच, आणि निकाल दोन. घरात बसून मोबाईलवर आकडे पाहणाऱ्याला यातली कोणती बुडेल हे आधी ओळखता येईल, असे मला वाटत नाही.

असे का होते ते घरच्या हिशोबात सांगते. समजा पन्नास लाखांचे घर आहे आणि त्यावर चाळीस लाखांचे कर्ज. म्हणजे आपले खरे दहाच लाख. घराचा भाव दहा टक्क्यांनी वाढला तर आपले दहाचे पंधरा होतात. दहा टक्क्यांनी उतरला तर पाचच उरतात. वीस टक्क्यांनी उतरला तर आपले काहीच नाही, आणि बँकेचे चाळीस तसेच उभे. कर्जबाजारी कंपनीचा शेअर एवढा वरखाली होतो तो याचमुळे. त्यात दारूच्या धंद्यात सरकारचा एक निर्णय पुरतो. आंध्रात २०१९ मध्ये सरकारने दारूची दुकाने स्वतःच्या हातात घेतली, तेव्हा तिथे माल विकणाऱ्या प्रत्येक कंपनीचे गणित एका रात्रीत बदलले.

आणि कंपनी मोडलीच तर? २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात पैसे वाटण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी त्या प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेले कर्ज आणि कामगारांची देणी, मग इतर कर्मचारी, बिनतारणी कर्ज, सरकारी देणी, आणि अगदी शेवटी साधा भागधारक. पंगतीत सर्वात शेवटी बसणाऱ्याच्या पानात काय पडते, हे आपल्याला ठाऊक आहे. डीएचएफएलच्या भागधारकांना २०२१ मध्ये एक रुपयाही मिळाला नाही.

माझ्या एका नात्यातल्या बहिणीची मुदत ठेव पुढच्या महिन्यात पूर्ण होते. यजमान गेल्यावर मिळालेली रक्कम आहे ती, दर तीन महिन्यांच्या व्याजावर तिचा औषधपाण्याचा खर्च निघतो. मुलगा म्हणतो, “आई, निम्मे माझ्याकडे दे, असाच एक शेअर हेरून ठेवलाय.” मुलगा वाईट नाही, कष्टाळू आहे. पण त्याचे स्वतःचे पैसे बुडाले तर तो पुन्हा कमावेल, वय आहे. तिचे गेले तर ती कुठून आणणार? हा प्रश्न त्याला विचारण्यात काही गैर नाही, आणि विचारल्याने मुलावरचा विश्वास कमी होत नाही.

आता दुसरी बाजू. काही जणी म्हणतील, कर्ज फिटले, कंपनी सुधारली, मग तरी घ्यावा का? इथे ताळेबंद संपतो आणि आपला श्रावकाचार सुरू होतो. शेअरला मराठीत भाग म्हणतात, आणि घेणाऱ्याला भागधारक. म्हणजे त्या धंद्यातला भागीदार. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात सांगितलेल्या आठ मूलगुणांत मद्य, मांस, मधु यांचा त्याग आहे. मद्य हे असंख्य जीवांचे उत्पत्तिस्थान मानले आहे. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत रसवाणिज्य आहे, त्यात मद्याचा व्यापार येतो. आणि आपल्याकडे पाप केवळ स्वतः केल्यानेच लागते असे नाही. कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्ही धरले जातात. दारूचा खप वाढावा अशी जो रोज सकाळी भाव पाहून मनात इच्छा धरतो, त्याने थेंबही घेतला नसला तरी अनुमोदना झालीच ना?

“आपण नाही घेतला म्हणून दारू थोडीच बंद होणार आहे?” हा प्रश्न नेहमी येतो. नाही होणार. बाजारात विकलेला शेअर दुसरा कोणी घेईल, कंपनीला पत्ताही लागणार नाही. पण रात्रिभोजन आपण सोडतो ते जगाने सोडावे म्हणून नव्हे. शिवाय आपल्या गल्लीत संध्याकाळी कोणत्या घरातून कसले आवाज येतात, ते आपण ऐकतोच. त्या घरातल्या बाईचे गेलेले पैसे ज्या गल्ल्यात जमतात, त्यात आपला भाग असू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

माझ्या सुनेने मात्र एक बरोबर शंका काढली. म्युच्युअल फंडात तर हे आधीच असते. खरे आहे. निफ्टीच्या फंडात तंबाखूवाली आयटीसी येते, नेक्स्ट फिफ्टीत युनायटेड स्पिरिट्स. यावर माझे उत्तर असे: जे आपण नाव वाचून, निवडून घेतो आणि जे गाठोड्यात न कळत येते, त्यात भावाचा फरक आहे. पण कळल्यावर डोळे झाकायचे नाहीत. फंडाची यादी दर महिन्याला जाहीर होते, ती मुलांकडून वाचून घ्या. मुस्लिम समाजातल्या लोकांनी आपल्या धर्मनियमांसाठी अशी व्यवस्था मागितली आणि मिळवली. टाटा एथिकल फंड शरियतच्या नियमांनी चालतो आणि दारूच्या व फार कर्जाच्या, दोन्ही कंपन्या टाळतो. आपले नियम थोडे वेगळे आहेत, पण ठरवले तर गाळणी लावता येते, हे त्यांनी दाखवले.

तेव्हा घरात असा शेअर निघाला तर तीन गोष्टी विचारा. कंपनीच्या नफ्यातला किती भाग व्याजात जातो? मालकांनी स्वतःचे शेअर गहाण टाकले आहेत का? दोन्ही माहिती उघड असते, मुलाला दाखवायला सांगा. आणि तिसरी: या कंपनीची पाटी आपल्या दुकानावर लावायची वेळ आली, तर लावू का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चांगली आली तरी तिसऱ्याचे स्वतःशी प्रामाणिकपणे द्या. सात व्यसनांत मद्याच्याही आधी जुगाराचे नाव येते, हेही मुलांना आठवण करून द्यायला हरकत नाही.

तुमच्या घरी काय ठरले ते जरूर कळवा, वेगळे मत असेल तर तेही.