अतिस्नेहाचा अपराध

‘बारक्या निवडुंगास पाणी घालावयाचें तरी किती?’ असें एका वाचक भगिनीनें आम्हांस विचारलें आहे. याचें उत्तर आम्ही एका झाडाचा जीव घेऊन शिकलों. तेव्हां तें सांगणें आमचें कर्तव्यच आहे.

तें झाड मॅमिलेरिया हेरेरी जातीचें. आकारानें सुपारीहून किंचित् मोठें, आणि बारीक शुभ्र कांट्यांनीं इतकें वेढलेलें कीं, कापसाचा गोळाच वाटावा. याचें मूळ घर मेक्सिको देशांतील केरेतारो प्रांत. आपल्या वैद्यकांतील स्नुहीसही आपण निवडुंगच म्हणतों. परंतु तिचें कूळ अगदीं निराळें.

सूनबाई रोज तुळशीस पाणी घालीत, त्याबरोबर यासही चार पळ्या मिळत. आम्हांस त्याचें कौतुकच वाटे. आषाढांत झाडाचें बूड मऊ पडलें आणि आठ दिवसांत सर्व आटोपलें. दोष सूनबाईंचा नव्हे. वेळींच सांगणें आमचें काम होतें.

या वनस्पतीचीं रंध्रें दिवसा मिटलेलीं असतात व रात्रीं उघडतात; त्यामुळें पाण्याचा व्यय फार थोडा होतो. माती सदा ओली राहिली कीं मुळांस हवा मिळत नाहीं व तीं कुजतात. म्हणून कुंडी लहान, तळाशीं भोंक असलेली घ्यावी. निम्म्याहून अधिक जाड वाळू व बारीक खडी, बाकी माती, असें मिश्रण करावें. माती तळापर्यंत सुकल्यावरच पाणी द्यावें, तें मात्र पोटभर. पावसाळ्यांत कुंडी वळचणीच्या आंत, पण उजेडांत ठेवावी. थंडींत पाणी जवळजवळ बंदच करावें.

मेलेलें झाड उपटलें तेव्हां आमचा दुसरा अपराध उघडकीस आला. बूड जुनाट व खरबरीत होतें आणि मुख्य मूळ तोडलेलें होतें. बियांपासून वाढविलेलें रोप असें नसतें. तें रानांतून खणून आणलेलें असावें, ही शंका आमच्या मनांतून अद्याप जात नाहीं. चोरट्या खणतीमुळेंच ही जात आपल्या मायभूमींत नष्टप्राय झाली आहे. १९७५ सालीं अंमलांत आलेल्या आंतरराष्ट्रीय करारानें अशा व्यापारास आळा घातला खरा. तरीही २०१५ सालच्या पाहणींत निवडुंगाच्या ३१ टक्के जाती धोक्यांत असल्याचें आढळलें. आमच्यासारखे हौशी गिऱ्हाईकही त्यास कारण!

म्हणून विकत घेतांना ‘हें बियांचें कीं रानांतलें?’ हा प्रश्न निःसंकोच विचारावा. त्याहून उत्तम म्हणजे स्वतः बीं पेरावें. बारीक वाळूवर बीं पसरून वर कांच ठेवावी व रुजेपर्यंत ओल राखावी. कडक ऊन लागूं देऊं नये.

आमच्या घरीं दोन वर्षांपूर्वीं पेरलेल्यांपैकीं तीन रोपें जगलीं आहेत. तीं हरभऱ्याएवढीं आहेत व नातवंडें तीं भिंगांतून पाहतात. फूल येण्यास आणखी कांहीं वर्षें लागतील. पाण्याची पळी अद्याप सूनबाईंच्याच हातीं आहे. मात्र ती उचलण्यापूर्वीं त्या आतां मातींत काडी खुपसून पाहतात.