महाग तेच चांगले?

आमची आई हॅरोला आमच्याबरोबर राहते. वयोमानाने तिच्या एका डोळ्याच्या रेटिनाखाली नव्या, कमकुवत रक्तवाहिन्या वाढून पाझरू लागल्या आणि सरळ ओळ वाकडी दिसू लागली. त्यावर रॅनिबिझुमॅबची इंजेक्शने सुरू झाली. पुढे हॉस्पिटलचे पत्र आले की यापुढे दुसऱ्या कंपनीचे, त्याच बनावटीचे, स्वस्त औषध मिळेल. आई म्हणाली, "पैसे वाचवतायत मेले! मला नको." तिने दोन भेटी चुकवल्या. तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे पुसट झाले.

आपल्यापैकी अनेकांचा समज असाच असतो. म्हणून ही हकीकत सांगतो.

या रक्तवाहिन्या व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनामुळे वाढतात. ही औषधे नेमके तेच प्रथिन पकडतात. कर्करोगावरचे बेव्हॅसिझुमॅबही तेच करते. त्याची मोठी कुपी लहान मात्रांत विभागली की डोळ्याचे एक इंजेक्शन २०१८ साली सुमारे २८ पौंडांत पडत होते. २०१८ साली रॅनिबिझुमॅबची छापील किंमत ५५१ पौंड होती. अमेरिकेतील कॅट (२०११) आणि ब्रिटनमधील आयव्हॅन (२०१२) या चाचण्यांत दोन्हींनी दृष्टी जवळजवळ सारखीच राखली. ईशान्य इंग्लंडमधील एनएचएसच्या १२ स्थानिक मंडळांनी स्वस्त औषधाला पसंती दिली, तेव्हा बायर व नोव्हार्टिस कोर्टात गेल्या. २०१८ साली त्या हरल्या, २०२० साली अपिलातही हरल्या.

स्वस्त तेवढे चांगले, असेही मी म्हणत नाही. मधुमेहामुळे रेटिनाला सूज येऊन दृष्टी बरीच खालावली असेल, तर पहिल्या वर्षी महागडे अफ्लिबर्सेप्ट सरस ठरल्याचे २०१५ च्या अमेरिकन अभ्यासात दिसले. तिथे जादा पैसा खर्चणे योग्यच.

मी सॉफ्टवेअरवाला. लिनक्स फुकट मिळते म्हणून आम्ही त्याला कमी लेखत नाही, चाचणीत टिकते का ते पाहतो. औषधालाही तीच कसोटी लावावी. डॉक्टरांना जरूर विचारा, पण किंमत विचारू नका, पुरावा विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत इंजेक्शन चुकवू नका. आईची इंजेक्शने पुन्हा सुरू आहेत, औषध तेच, स्वस्तातले. घड्याळ मात्र आम्ही मोठ्या आकड्यांचे आणले आहे.