तोटा कुठे थांबतो?

आयटीतल्या माणसांच्या गप्पा तासाभराहून जास्त चालल्या की त्या कुठल्या वळणावर जाणार हे ठरलेलं असतं. "बाणेरला तेव्हाच फ्लॅट घ्यायला हवा होता." "ऑनसाइटला नाही म्हणायला नको होतं." "त्या स्टार्टअपने मला बोलावलं होतं यार, आज माझे ईसॉप्स..." हे वाक्य कुणी पूर्ण करत नाही, कारण जो तो मनातल्या मनात शून्यं मोजत असतो. मग कुणीतरी रोनाल्ड वेनचं नाव काढतं आणि सगळे हळहळतात.

ह्या वेनसाहेबांवर फार अन्याय होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. १ एप्रिल १९७६ ला ॲपल सुरू झाली तेव्हा भागीदार तीन होते. स्टीव्ह जॉब्स (वय २१) आणि स्टीव्ह वॉझनियाक (वय २५) यांचे प्रत्येकी ४५ टक्के. दोघांत वाद झालाच तर निकाल देणारा एक वडीलधारा हवा, म्हणून ४१ वर्षांच्या वेनचे १० टक्के. भागीदारीचा करार वेननेच लिहिला, पहिला लोगोही त्यानेच काढला. आणि बाराव्या दिवशी तो बाहेर पडला. हिश्श्याचे ८०० डॉलर मिळाले, पुढे कसलाही हक्क सांगणार नाही म्हणून आणखी १५००. जानेवारी २०२२ मध्ये ॲपलचं बाजारमूल्य काही काळ ३ लाख कोटी डॉलरला पोचलं. त्याचे दहा टक्के म्हणजे ३० हजार कोटी डॉलर. झालं! जगातला सगळ्यात महागडा राजीनामा.

हे गणित दिसायला छान आहे, पण चुकीचं आहे. एक तर दहा टक्के दहा टक्के राहिलेच नसते. नवा गुंतवणूकदार आला, कर्मचाऱ्यांना शेअर वाटले, की जुन्या लोकांचा हिस्सा पातळ होत जातो. आणि त्याने ते शेअर ४५ वर्षं न विकता सांभाळले असते, असंही आपण गृहीत धरतो. १९९७ साली हीच कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती आणि मायक्रोसॉफ्टने तिच्यात १५ कोटी डॉलर घातले होते. तेव्हा तुम्ही-आम्ही शांतपणे शेअर धरून बसलो असतो का? छातीवर हात ठेवून सांगा.

पण मुख्य मुद्दा वेगळाच आहे. त्या बारा दिवसांत वेनच्या समोर काय होतं ते बघा. 'बाइट शॉप' नावाच्या दुकानाने ५० कॉम्प्युटर्सची ऑर्डर दिली होती, प्रत्येकी ५०० डॉलरने. त्यांचे सुटे भाग आणायला जॉब्सने सुमारे १५ हजार डॉलरची उधारी उभी केली. आता ॲपल तेव्हा कंपनी नव्हती, साधी भागीदारी होती. साध्या भागीदारीत धंदा बुडाला तर देणेकरी प्रत्येक भागीदाराच्या घरापर्यंत येऊ शकतात, आणि वसुली हिश्श्याच्या प्रमाणात होत नाही. दहा टक्केवाल्याकडूनही सगळं कर्ज वसूल करता येतं. दोन्ही स्टीव्हकडे जप्त करण्यासारखं होतं काय? एकाने आपली व्हॅन विकून भांडवल उभं केलं होतं, दुसऱ्याने कॅल्क्युलेटर. वेनकडे मात्र काही मालमत्ता होती, आणि त्याचा आधीचा स्लॉट मशीनचा धंदा बुडालेला होता. म्हणजे नफ्यात दहा टक्के आणि तोट्यात कदाचित शंभर टक्के! "कुणाला जामीन राहू नकोस," असं आपल्याकडे बाबा-काका मंडळी सांगतात ना, नेमकी तीच परिस्थिती.

आता हीच संधी बाकीच्यांकडे कशी गेली ते पाहा, म्हणजे गंमत कळेल. वॉझनियाक एचपीत नोकरीला होता. त्याने आपलं डिझाइन आधी एचपीलाच देऊ केलं होतं, त्यांनी नको म्हटलं. पुढे इंटेलमधून भरपूर पैसे मिळवून तिशीतच निवृत्त झालेला माइक मार्कुला आला. तो अडीच लाख डॉलर द्यायला तयार झाला, पण वॉझनियाकने नोकरी सोडून पूर्णवेळ यावं ही अट घातली. आणि वॉझनियाक चक्क 'नाही' म्हणाला! त्याला मॅनेजर व्हायचं नव्हतं, आयुष्यभर इंजिनिअर राहायचं होतं. मित्रांनी समजावलं, की अरे, कंपनी काढूनही इंजिनिअरच राहता येतं. तेव्हा कुठे गडी तयार झाला.

म्हणजे एकच संधी, पण प्रत्येकासाठी तिची किंमत वेगळी. एकवीस वर्षांच्या जॉब्सचा जास्तीत जास्त तोटा म्हणजे एक व्हॅन. मार्कुलाचा तोटा म्हणजे त्याच्या संपत्तीचा एक भाग. वेनचा तोटा म्हणजे सगळंच. 'संधी एकदाच दार ठोठावते' वगैरे सुविचार लिहिणारे हे सांगत नाहीत, की दार कोणाचं आहे आणि त्या घरावर कर्ज किती आहे, यावर बरंच काही अवलंबून असतं.

आणि ह्या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग कुणी सांगतच नाही. जानेवारी १९७७ मध्ये, म्हणजे वेन गेल्यावर जेमतेम नऊ महिन्यांनी, ॲपल रीतसर कंपनी झाली. कंपनी झाली, की भागधारकाचा तोटा त्याने घातलेल्या पैशापाशी थांबतो. घरापर्यंत येत नाही. ज्या भीतीने वेन बाहेर पडला ती भीती एका कायदेशीर कागदाने बऱ्याच अंशी संपली. धंदा तोच, माणसं तीच, फक्त करार बदलला.

म्हणून मला वाटतं, की 'घ्यायची की सोडायची' हा प्रश्नच अर्धवट आहे. आधीचा प्रश्न असा: हे फसलं तर तोटा कुठे थांबतो? आणि तो थांबत नसेल, तर थांबवता येईल का? मित्राबरोबर धंदा काढताय? १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली आपल्याकडेही प्रत्येक भागीदार सगळ्या कर्जाला जबाबदार असतो. पण २००८ च्या कायद्यापासून मर्यादित दायित्व भागीदारीची सोय झाली आहे, ती घ्या. स्टार्टअपची ऑफर आहे आणि डोक्यावर घराचा हप्ता आहे? मग सहा-आठ महिन्यांचे हप्ते बाजूला पडेपर्यंत जॉइनिंग पुढे ढकलता येतं का, शेअर थोडे कमी घेऊन पगार थोडा जास्त मागता येतो का, असं विचारून तर बघा. आपण पगारासाठी एचआरशी घासाघीस करतो, पण संधीशी करत नाही. तिला एकदम 'हो' नाहीतर 'नाही' म्हणून मोकळे होतो.

ह्यावर तुम्ही म्हणाल, की मग काय, आयुष्यभर हिशेबच करत बसायचं? हा आक्षेप मला मान्य आहे. 'जबाबदाऱ्या आहेत रे' हे वाक्य आपल्या मध्यमवर्गात फार सोयीचं झालंय. त्याच्याआड शुद्ध आळस आणि भीती दोन्ही मावतात. पण वेनने हिशेब करायला बारा दिवस घेतले आणि निर्णय लिहून दिला. आपण काय करतो? ऑफरची मेल 'नंतर बघू' म्हणून ठेवून देतो आणि महिन्याभराने ती जागा भरली जाते. ह्याला संधी सोडणं म्हणत नाहीत, ती नासू देणं म्हणतात. सोडायला निदान कागद-पेन घेऊन बसावं लागतं, वाईटात वाईट आकडा लिहावा लागतो. बऱ्याचदा तो आकडा मनातल्या भुतापेक्षा पुष्कळ लहान निघतो. दोन वर्षं परदेशी जाऊन नाही जमलं, तर जास्तीत जास्त काय होईल? परत याल. त्यासाठी एवढं घाबरायचं?

वेनने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं, की तेव्हाच्या माहितीवर तो निर्णय बरोबरच होता. हुरहूर एका वेगळ्याच गोष्टीची. भागीदारीच्या मूळ कराराचा स्वतःकडचा कागद त्याने १९९० च्या दशकात ५०० डॉलरला विकून टाकला. २०११ मध्ये तोच कागद लिलावात सुमारे १६ लाख डॉलरना गेला.

ॲपलमध्ये थांबायला घर पणाला लावावं लागलं असतं. कागद मात्र कपाटात पडून राहिला असता, बिचारा खायला-प्यायलाही मागत नव्हता. ज्या गोष्टीत तोटा जवळपास शून्य आहे, ती सोडायची घाई करू नये. आणि ज्या गोष्टीचा तोटा घरापर्यंत येतो, ती सोडणाऱ्याला आपण हसू नये.