खाण संपली, पण गवत उगवले का? अनामत परत देण्याआधी हे तपासा

धाराशिव जिल्ह्यात कोळसा नाही. इथे निघतो काळा दगड आणि मुरूम. रस्ते, घरे आणि सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गासाठी तो लागतोच. प्रश्न दगड काढून झाल्यानंतरचा आहे. मागे उरतो खड्डा, उघडा खडक आणि खडीची भुकटी. तिथे पुन्हा चारा उगवण्याची जबाबदारी कोणाची?

नियम काय सांगतो?

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ प्रकरणात केंद्राला निर्देश दिले. खाण संपल्यावर त्या जागेवर पुन्हा गवत लावण्याची अट घाला आणि खर्च खाणधारकाकडून घ्या. त्याच महिन्यात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ही अट पर्यावरण मंजुरीत जोडायला सांगितली. ५ हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही ही मंजुरी लागते, हे न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणातच स्पष्ट केले होते. म्हणजे गावाशेजारची दगडखाणही यातून सुटत नाही.

कोळसा खाणींत काय होते?

चंद्रपूर, यवतमाळच्या कोळसा खाणींना खाण सुरू असतानाच पैसे बाजूला ठेवावे लागतात. केंद्राच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख, तर भूमिगत खाणीसाठी १ लाख रुपये हा तेव्हाचा दर होता. ही रक्कम बँकेतल्या एस्क्रो खात्यात राहते आणि काम तपासल्यावरच टप्प्याटप्प्याने सुटते.

अमेरिकेचा १९७७ चा कायदा आणखी कडक आहे. खड्डा बुजवून उतार नीट केला की हमीच्या रकमेतला जास्तीत जास्त ६० टक्के भाग मिळतो. पूर्ण सुटकेसाठी शेवटची पेरणी, खत किंवा पाणी दिल्यापासून ५ वर्षे हिरवळ टिकावी लागते. वर्षाला २६ इंच, म्हणजे सुमारे ६६० मिलिमीटर किंवा त्याहून कमी पाऊस असेल, तर १० वर्षे. एका पावसाळ्यातली हिरवाई तिथे हिशेबात धरत नाहीत.

धाराशिवसाठी हे महत्त्वाचे का?

उस्मानाबादी शेळीला या जिल्ह्याचेच नाव आहे. दुष्काळात पीक गेले तरी शेळी घर सांभाळते, आणि ती चरते माळावर, गायरानात. माळ खणला गेला की चाराही जातो.

गवत परत आणणे अशक्य नाही. खोदकामाआधी वरची माती काढून वेगळी ठेवायची, ढिगाऱ्याचा उतार कमी करायचा, त्यावर तीच माती पसरायची. मग मारवेल, पवन्यासारखी स्थानिक गवते आणि बोर, बाभूळ, हिवर. पहिली काही वर्षे तिथे चराईबंदी हवी. खोल दगडखाणीच्या तळाशी कुरण होणार नाही. तिथे निदान भक्कम कुंपण आणि काठावर झाडे हवीत. माती मात्र पहिल्याच दिवशी फेकून दिली, तर नंतर कितीही रोपे लावा, ती खडकावर तग धरत नाहीत.

करायचे काय?

अट कागदावर आहे. तिला पैशाचे बळ हवे. खाणधारकाची अनामत गवताशी जोडा. उतार झाल्यावर काही भाग द्या, उरलेला किमान तीन पावसाळ्यांनंतर पंचनामा करूनच. तोही उन्हाळ्यात करा, कारण श्रावणात कुठलाही माळ हिरवाच दिसतो.

गावकऱ्यांच्या हातीही एक साधन आहे. पर्यावरण मंजुरीतल्या अटी पाळल्याचा अहवाल खाणधारकाने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. २००६ च्या अधिसूचनेनुसार तो सार्वजनिक दस्तऐवज आहे आणि अर्ज केल्यास कोणालाही मिळतो. पुढच्या ग्रामसभेत तो मागा आणि त्यात गवताचा रकाना आधी वाचा.