चेहरा कोण पुसतं?



मकबूल फिदा हुसेन आपल्या सोलापूर जिल्ह्यातले, पंढरपूरला जन्मलेले. ते दीड-दोन वर्षांचे असतानाच आई वारली. तिचा चेहरा आठवत नाही, ही खंत ते आयुष्यभर बोलून दाखवत. त्यांच्या चित्रांतल्या अनेक बायकांना नाक-डोळे नाहीत, त्याचं एक मूळ इथे आहे.

अमूर्तता आणि मानवी आकृती यांची सांगड हुसेन यांनी आपल्या रीतीने घातली. रंगांचे सपाट पट्टे, तपशिलाला फाटा. पण जाड, ठाम रेषेत देह शाबूत. १९८०च्या सुमारास सुरू झालेल्या मदर तेरेसा मालिकेत तर पांढरी साडी, निळे काठ, मांडीवर मूल आणि चेहऱ्याच्या जागी पोकळी, एवढंच उरतं. तरी बाई ओळखू येते.

चित्र म्हणून हे विलक्षणच. पण चेहरा गेला की बाई जाते आणि 'मातृत्व' उरतं. प्रत्यक्षातल्या तेरेसांची मतं कडक होती. १९७९च्या नोबेल भाषणात त्यांनी गर्भपात हा शांततेचा सर्वांत मोठा विनाशक ठरवला. सुरक्षित गर्भपाताचा हक्क मागणाऱ्या आपल्याला त्यांच्याशी भांडायचं आहे. साडीच्या घड्यांशी कसं भांडणार? देव्हाऱ्यात बसवलेल्या बाईला प्रश्न विचारता येत नाही, आणि तिलाही बोलता येत नाही.

नागपूरजवळच्या बेला गावात जन्मलेल्या बी. प्रभा (१९३३–२००१) यांनीही आकृती बदलली: लांबवलेल्या माना, लांबवलेले हात, बहुधा एकाच रंगाचं राज्य. पण त्यांच्या कोळणींना चेहरे आहेत. त्यांवरचा थकवा वाचता येतो. म्हणजे आकृती साधी करणं वेगळं, माणूस पुसणं वेगळं.

हे चित्रकारांनाच का सांगायचं? आपल्या पोस्टरवरही उगारलेली मूठ असते, कुंकू असतं, डोळे नसतात. अहवालात 'बिडी कामगार स्त्रिया' असतात. सोलापुरात घरी बसून बिड्या वळणारी, कमी मजुरीवर बोट ठेवणारी एकटी बाई नसते. अत्याचार सोसलेल्या बाईची ओळख झाकायलाच हवी, ते तिच्या रक्षणासाठी. पण बाकी ठिकाणी चेहरा ठेवायचा की नाही, हे ठरवणार कोण?

पुढचं पोस्टर काढण्याआधी, अहवाल लिहिण्याआधी हा प्रश्न तिलाच विचारू या. ती 'माझं नाव घाला' म्हणाली, तर मोठ्या अक्षरात घालू या.