स्क्रू फिरवून भागत नाही

मा. संपादक यांस,


मोटारसायकलीस बाजारातील मोकळा सायलेन्सर बसविल्यावर कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू थोडा बाहेर काढला की पेट्रोल वाढते व काम भागते, हे आपल्या गतांकातील लेखकाचे विधान दुहेरी चुकीचे आहे. मिकुनी व्हीएम घराण्यातील कार्बोरेटरांत तो स्क्रू बाहेर काढल्याने हवाच वाढते. आणि त्याचा अंमल मुख्यतः इंजिन जागच्या जागी चालू असताना व थ्रॉटल जेमतेम उघडलेले असतानाच असतो. मधला टप्पा सुई व तिच्या क्लिपच्या अखत्यारीत येतो, पाऊण थ्रॉटलपुढे मुख्य जेटची हुकूमत. आणि मोकळ्या निकासाने पेट्रोलाची तूट बहुधा तेथेच जाणवते, प्लग पांढरा पडतो, पिस्टन तापतो. आमच्या उल्हासनगर कॅम्प २ मधील कोणताही जाणता मिस्त्री प्रथम प्लग काढून पाहील.

आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीची कथा तर निराळीच. तिच्या निकासनळीच्या विशिष्ट आकारामुळे परतणारी दाबलहर बाहेर निसटणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते; ती निकासनळी काढून पोकळ नळी लावल्यास जी ताकद जाते, ती कोणत्याही जेटने भरून येत नाही.

आवाज भारदस्त होतो, एवढे मान्य. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० अन्वये आवाज कमी करणारा सायलेन्सर बंधनकारक आहे, याचा लेखात उल्लेखही नाही. पुढील अंकी दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक, उल्हासनगर कॅम्प २