सत्तावीसच्या क्लबाला माझा विरोध

मृत्यूचेही आता क्लब निघाले आहेत. जिमी हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, जिम मॉरिसन, कर्ट कोबेन, एमी वाइनहाउस हे सारे सत्ताविसाव्या वर्षी गेले, म्हणून त्यांची म्हणे एक मंडळी! आमच्याकडची कॉलेजातली पोरे हा आकडा छातीवर मिरवतात आणि मराठी-कानडी दोन्ही भाषांत सारख्याच भक्तिभावाने त्याची महती गातात. (निदान इथे तरी सीमावाद नाही!) मला या प्रकाराची चीड आहे. का, ते सांगण्यासाठी त्या यादीच्या तळाशी दडपलेले एक नाव वर काढतो : क्रिस्टन फाफ.

ही मुलगी १९६७ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात जन्मली. लहानपणी पियानो आणि चेलो रीतसर शिकली. पुढे मिनेसोटा विद्यापीठात गेली आणि मिनियापोलिसमध्ये बेस गिटार मात्र स्वतःच्या हिकमतीवर शिकली. १९९२ मध्ये दोघा साथीदारांबरोबर तिने ‘जॅनिटर जो’ हा बँड काढला. १९९३ मध्ये त्यांचा ‘बिग मेटल बर्ड्स’ आला. त्याच वर्षी ‘होल’ या बँडने तिला बोलावून घेतले, ती सिएटलला गेली आणि ऑक्टोबरात जॉर्जिया राज्यातल्या मॅरिएटा गावी ‘लिव्ह थ्रू धिस’चे ध्वनिमुद्रण झाले.

बेस म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. चार जाड तारा, खालचे स्वर. ड्रमचा ताल आणि गिटारचा सूर यांची गाठ तिथे बांधली जाते. ऐकणाऱ्याचे लक्ष गायिकेकडे. बेस आहे हे त्याला कळते ते बेस थांबल्यावर! आपल्याकडे तंबोऱ्यामागे बसणाऱ्याची जी गत, तीच इथे. ती रेकॉर्ड मी पुनःपुन्हा ऐकली आहे. आरडाओरडीच्या खाली एक हात शांतपणे, जराही न घसरता, मजला धरून उभा आहे. तो चेलोवर घडलेला हात आहे, असे माझे कान सांगतात.

रेकॉर्ड १२ एप्रिल १९९४ रोजी बाजारात आली. चारच दिवस आधी गायिका कोर्टनी लव्हचा नवरा कर्ट कोबेन सिएटलच्या घरात मृत आढळला होता. त्या वर्षाच्या ‘व्हिलेज व्हॉइस’च्या समीक्षक-कौलात ही रेकॉर्ड पहिली आली, पण तोवर फाफ राहिली नव्हती. हेरॉइन सुटावे म्हणून तिने उपचार घेतले होते, मिनियापोलिसला परतून जुन्या मंडळींबरोबर युरोपचा दौरा केला होता. सिएटलला ती आली ती सामान न्यायला. सामान बांधूनही झाले होते. १६ जून १९९४ रोजी ती न्हाणीघरात मृत सापडली.

यात गूढ कसले? व्यसन काही काळ थांबले की शरीराची सहनशक्ती उतरते आणि पूर्वी पचणारी मात्रा जीव घेते. हे वैद्यकशास्त्र आहे, नियती नव्हे. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १,०४६ संगीतकारांचा अभ्यास छापून आला. ब्रिटनमध्ये १९५६ ते २००७ या काळात ज्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, असे हे लोक. त्यांतले ७१ दगावलेले. सत्ताविसाव्या वर्षी मृत्यूची काही विशेष लाट आढळली नाही. विशी-तिशीत मात्र त्यांचा मृत्युदर सामान्यांच्या दुप्पट-तिप्पट निघाला. म्हणजे शापित वर्ष एक नव्हे, धोका वीस वर्षांचा! पण ‘वीस वर्षांचा धोका’ टी-शर्टवर शोभणार कसा?

आणि बालकवी? १८९० चा जन्म, १९१८ मध्ये रेल्वेच्या अपघातात गेले. हिशेब करा, सत्तावीसच. त्यांना कुणी क्लबात घातले नाही. आपण त्यांच्या कविता वाचतो. फाफच्या वाट्याला एवढेही येऊ नये? तिचे वय सगळ्यांना पाठ, वादन कुणाच्या कानात नाही.

त्याच ‘होल’ची ड्रमर पॅटी शेमेल. तीही हेरॉइनच्या गर्तेत गेली, रस्त्यावर आली, पण बाहेर पडली. २०१७ मध्ये तिने आत्मचरित्र लिहिले. ती जगली, त्यामुळे तिला कुठल्याच क्लबाचे सभासदत्व नाही. तिचे नाव छापलेला टी-शर्ट घातलेले एकही पोर मला आजवर भेटलेले नाही.